क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात दुखतात? आधी वाद्य तपासा, रबर शेवटी

इंदुरात लग्नसराई ऐन भरात आली की क्लॅरिनेटवाल्यांची ठरलेली तक्रार सुरू होते: वरचे पुढचे दोन दात ठणकतात. रात्री वरात वाजवली की सकाळी पोह्यांवरची शेव चावतानाही कळ येते. चार दिवस वाद्य पेटीत ठेवलं की दात शांत, पुन्हा बाहेर काढलं की दुसऱ्या दिवशी तेच. घरी नाट्यगीतं वाजवणाऱ्या हौशी मंडळींना आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही हा त्रास होतो, फक्त जरा उशिरा.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, दात टेकतात तिथे रबर चिकटवा. रबरात वाईट काही नाही, पण त्याची पाळी शेवटची. वरचे दात माउथपीसवर नुसते टेकायचे असतात. ते दुखतात कारण खालून जबडा दाबतोय. आणि जबडा दाबतोय कारण वाद्यात, रीडमध्ये (माउथपीसला बांधलेली, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी), सुरात किंवा वजन पेलण्यात कुठेतरी खोट आहे आणि ती तो भरून काढतोय. खोट तशीच ठेवून रबर लावलं की दातांना थोडे दिवस बरं वाटतं आणि मग खालचा ओठ आतून सोलवटायला लागतो. दाब कुठे गेलेला नसतो.

दुखणं वाजवण्याचं की दाताचं?

वाजवण्यातून आलेलं दुखणं समोरच्या दोन, फार तर चार दातांत असतं आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखं असतं. ते बोथट असतं, नखाने टिचकी मारली की जाणवतं आणि दात किंचित उंच झाल्यासारखा वाटतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. तासन् तास दाब पडला की तो सुजतो, म्हणून दात वर आल्याचा भास होतो. वाजवणं थांबवलं की ही सूज काही दिवसांत आपोआप उतरते.

दुखणं एकाच दातात असेल, गार-गरम लागल्यावरची कळ बराच वेळ रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, दात हलत असेल, काळपट दिसत असेल किंवा हिरडीला फोड आला असेल, तर क्लॅरिनेटला दोष देत बसू नका. आधी दंतवैद्य, बाकी सगळं नंतर. वरच्या दाढा दुखत असतील, सोबत सर्दी असेल आणि खाली वाकल्यावर ठणका वाढत असेल तर बहुधा सायनस भरलेलं असतं. सर्दी उतरेपर्यंत फुंकेचा दाब टाळलेला बरा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्यावर वाजवताना तोंडाने गार हवा आत घेतली की जी सणक जाते, ती दात झिजल्याची किंवा हिरडी मागे सरकल्याची खूण आहे. त्याला पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट लागते आणि तिचा गुण दिसायला किमान दोन आठवडे जातात.

सुपारी आणि गुटख्याबद्दल बँडमध्ये कोणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिलेलं बरं. सुपारीने दातांचं कवच झिजतं, आणि गालांच्या आतलं अस्तर ताठर होऊन तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. अशा तोंडात माउथपीस धरायचा म्हणजे दातांनी चावूनच धरावा लागतो. तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील तर त्यावर कोणतंही रबर नाही. तपासणी करून घ्या, आणि लवकर.

किती दाबताय ते कळण्यासाठी

बाकी वाद्य बाजूला ठेवा. फक्त माउथपीस, रीड आणि बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) जोडा आणि रोजच्यासारखी भरपूर फुंक मारा. मोबाइलवर ट्यूनर उघडा. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या या तुकड्यातून काळी तीन, म्हणजे एफ शार्प, यायला हवी. काटा तिच्या बराच वर, पांढरी पाचकडे सरकत असेल तर तुम्ही चावताय. पांढरी चारकडे घसरत असेल तर ओठ फारच ढिले आहेत. डोळे मिटून वाजवा आणि मग काटा बघा. काट्याकडे बघत वाजवलं की प्रत्येकाचा सूर बरोबर येतो.

दुसरी चाचणी जास्त बोलकी आहे. खालच्या ओठासारखाच वरचा ओठही दातांवर दुमडा, म्हणजे दात माउथपीसला लागणारच नाहीत, आणि मधल्या पट्टीतला एखादा सूर लांबवा. जबडा दाबला की वरचा ओठ क्षणात दुखतो, त्यामुळे दाबणं शक्यच होत नाही. अशा धरणीत सूर ठीक निघत असेल तर वाद्य निर्दोष आहे आणि खोड तुमच्या सवयीची आहे. सूर मरत असेल, फुसफुसत असेल, तर वाद्यात किंवा रीडमध्ये काहीतरी बिघडलंय आणि जबडा ते निभावून नेत होता. (सुरुवातीच्या काळात क्लॅरिनेट रीड वरच्या ओठाकडे करून वाजवत, आणि दोन्ही ओठ दुमडून वाजवणारे आजही आहेत. म्हणजे दात टेकवणं हा काही निसर्गनियम नाही.) सवय मोडायलाही हीच धरणी उपयोगी पडते: रोज सुरुवातीला पाच मिनिटं दोन्ही ओठ दुमडून लांब सूर, मग दात हलकेच टेकवून तेच सूर.

गळती

वादक सर्वांत जास्त चावतो तो गळक्या वाद्यावर. खालचे सूर बोलत नाहीत, किंचाळतात, की हात आणि जबडा दोन्ही आवळले जातात. वरचा सांधा, म्हणजे वाद्याचा वरचा अर्धा भाग, वेगळा काढा, भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. पोकळी तीन-चार सेकंद टिकली पाहिजे. खालच्या सांध्याला सगळ्यात खालचा सूर वाजवताना बोटं जशी ठेवता तशीच ठेवून हेच करा.

हवा गळत असेल तर नेमकी जागा पतंगाच्या कागदाने सापडते. संक्रांतीचे उरलेले पतंग घरात असतातच. पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, पॅडखाली (भोक झाकणाऱ्या चावीच्या गादीखाली) सरकवा, चावी नेहमीच्या जोराने बंद करा आणि पट्टी ओढा. ती अडखळत निघायला हवी. चारही बाजूंनी बघा. एखाद्या बाजूला पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली की पॅड तिथे बसत नाहीये. पहिला संशय वरच्या पट्टीत नेणाऱ्या रजिस्टर चावीवर, मग वरच्या टोकाच्या छोट्या चाव्यांवर, मग तळाच्या मोठ्या पॅडांवर. दोन सांधे जोडणारी पुलासारखी चावी किंचित फिरलेली असेल तरी निम्मं वाद्य गळतं. ती सरळ रेषेत आणायला पैसा लागत नाही, फक्त लक्ष लागतं. सांध्याचा कॉर्क सुकून ढिला झाला असेल तर नळवाल्यांची पांढरी टेप दोन-तीन वेढे गुंडाळून आजची वरात निभते. नंतर कॉर्क बदला. पॅड बदलायचे असतील तर कारागिराकडे द्या. घरी गोंदाने चिकटवलेला पॅड वाकडा बसतो आणि गळती वाढते.

रीड

ढोल-ताशापुढे आवाज पोचावा म्हणून बँडमध्ये जाड रीड लावायची पद्धत आहे. दातदुखीचं हे दुसरं मोठं कारण. आवाज फुंकेतून येतो. जाड रीड हलवायला फुंक आणि जबडा दोन्ही लागतात, आणि तासाभरानंतर फुंक थकते तेव्हा जबडा एकटाच उरतो. ३ नंबर लावत असाल तर २½ वर या, २½ असेल तर २ वर. माउथपीसचं तोंड मोठं असेल, म्हणजे टोकाशी रीड आणि माउथपीसमध्ये १.२ मि.मी.च्या आसपास फट असेल, तर हलकी रीडच लागते. फट १ मि.मी.ची असेल तर ३ नंबर चालून जातो. नंबर कंपनीगणिक बदलतात, तेव्हा कंपनी बदलताना नंबराच्या भरवशावर पेटीच्या पेटी घेऊ नका.

माळव्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत रीडचं टोक लाटेसारखं वेडंवाकडं होतं. ते माउथपीसवर सपाट बसत नाही, म्हणून आपण ओठाने दाबून बसवतो. वाजवण्याआधी रीड एक-दोन मिनिटं पाण्यात बुडवा आणि काचेवर अंगठ्याने सपाट करा. ती नीट बसते का हे बघायला माउथपीसचं मागचं भोक तळहाताने बंद करा, पुढून हवा ओढा आणि तोंड बाजूला घ्या. रीड क्षणभर चिकटून राहून ‘पॉप’ आवाज करत सुटली तर उत्तम. लगेच सुटली तर मागची बाजू सपाट नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवा आणि रीडचा जाड भाग पाच-सहा वेळा हलक्या हाताने घासा. टोकाला हात लावू नका.

लावताना रीडच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसली पाहिजे. रीड खाली सरकली की हलकी वागते, वर सरकली की जड. लिगेचरचा, म्हणजे रीड बांधणाऱ्या पट्ट्याचा, खालचा स्क्रू बेताचा घट्ट ठेवा, वरचा नुसता टेकवा. दोन्ही कचकचून आवळले की चांगली रीडही वाकते. मिरवणुकीसाठी प्लॅस्टिकची रीड सोयीची असते, कारण ती सुकत नाही. ती घेताना मात्र अर्धा नंबर हलकी घ्या.

सूर खाली बसतोय म्हणून चावणं

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. गारठ्यात क्लॅरिनेटचा सूर उतरतो. जानेवारीच्या रात्री दहा अंशांत उघड्यावर उभं राहिलं आणि शेजारी कीबोर्ड असला, की त्याचा सूर हवामानाने हलत नाही, आपला हलतो. मग सूर वर उचलायला वादक रात्रभर चावतो. हाच वादक मे महिन्यात तक्रार करत नाही, कारण उन्हाळ्यात सूर चढलेला असतो आणि जबडा ढिला सोडावा लागतो. दातदुखी फक्त हिवाळ्यातच येत असेल तर इथेच बघा. बॅरल पूर्ण आत सारा, वाद्य अंगावरच्या कोटाआड गरम ठेवा, मधल्या वेळात न वाजवता नुसती गरम हवा फुंका. एवढ्यानेही भागत नसेल तर दुसरा बॅरल घ्या. नेहमीचा साधारण ६६ मि.मी. असतो, ६४ किंवा ६५ मि.मी.चा मिळतो. एक-दोन मिलिमीटरने जबड्याचं केवढंतरी काम कमी होतं.

मींडही याच खात्यातली. ओठाने सूर खाली सोडता येतो, वर मात्र फारसा नेता येत नाही. त्यामुळे वरच्या सुराकडे मींड घेताना जो तो रीड चिमटतो. ती मींड बोटांनी घ्या. क्लॅरिनेटची मुख्य भोकं उघडी असतात. बोट भोकावरून उचलण्याऐवजी कडेकडेने सरकवा, आणि ओठ फक्त सुरुवातीला थोडा ढिला ठेवा. तार सप्तकात चावल्याशिवाय सूर येत नाही असं वाटत असेल तर पुन्हा गळती आणि रीड तपासा.

वजन आणि चालणं

क्लॅरिनेट पाऊण किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं उजव्या अंगठ्यावर असतं. अंगठा थकला की वाद्य वर ढकललं जातं, म्हणजे थेट दातांत. अंगठ्याचा टेका नखाच्या मुळाजवळ यावा, पेराच्या मागे नको. गळ्यातला पट्टा खूप मदत करतो, पण लांबी चुकली तर उलटा त्रास देतो. पट्टा अडकवून दोन्ही हात सोडा (खाली एक हात तयार ठेवून). माउथपीसचं टोक खालच्या ओठापाशी आलं पाहिजे. दातांपर्यंत येत असेल तर पट्टा आखूड आहे. ताणणारा इलॅस्टिक पट्टा वाद्य सतत वर खेचतो, दात दुखत असताना तो नको. देशभरातल्या बँडांची बरीचशी वाद्यं मेरठच्या जाली कोठीत बनतात. स्वस्तातल्या वाद्यांना बरेचदा पट्ट्याची कडी नसते. टेक्याखाली अडकवायचा चामड्याचा फास मिळतो, नाहीतर चपला शिवणारा करून देतो.

मिरवणुकीत ऐट म्हणून वाद्य सनईसारखं आडवं उचललं जातं. तसं केलं की दात टोकाकडे घसरतात आणि घसरू नये म्हणून चावले जातात. शरीरापासून तीस ते चाळीस अंशांचा कोन ठेवा आणि मान खाली घालू नका. तोंडात माउथपीस किती घ्यायचा हे कागदाने ठरवा. रीड आणि माउथपीसमध्ये कागदाची पट्टी सरकवा, ती जिथे अडेल तिथे खालचा ओठ. वरचे दात साधारण एक सेंटिमीटर आत येतात. आणि चालताना टाच आपटू नका. खड्ड्यातला प्रत्येक धक्का वाद्यातून दाताच्या मुळाशी जातो. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसारख्या रात्रभराच्या मिरवणुकीत दोन क्लॅरिनेटवाल्यांनी मुखडा-अंतरा वाटून घ्यावा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवत राहू नका. वाजवता वाजवता दाब कळतो तो दुखण्यानेच आणि गोळी तोच बंद करते.

आता रबर

सगळं तपासून झाल्यावरही दातांत ठणका नसून नुसती झणझण, कवटीपर्यंत जाणारी थरथर जाणवत असेल, तर ते रबराचं खरं काम. कॅप बसवलेल्या दातांना हा त्रास जास्त होतो. रबराचे तयार पॅच ०.३ ते ०.८ मि.मी. जाडीत सहज मिळतात. ०.५ ने सुरुवात करा. जाड पॅचने तोंड जास्त उघडावं लागतं आणि हाताखालचं वाद्य परकं वाटतं. माउथपीस कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. पाणी गरम असेल तर एबोनाइट (माउथपीसचं कडक काळं रबर) हिरवट पडतं आणि गंधकासारखा वास मारतं. पूर्ण कोरडा करा, पॅच टोकापासून दोन-तीन मिलिमीटर मागे ठेवा, मधून कडांकडे दाबत जा आणि रात्रभर राहू द्या.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा फार मऊ असतो, दाताखाली सरकतो, आणि पंक्चरचं सोल्युशन तोंडात जायची वस्तू नाही. फेव्हिक्विक तर मुळीच नको, पुढच्या वेळी पॅच काढताना माउथपीसचा वरचा थर खरवडावा लागतो. अडल्यावेळी वीजवाल्यांची काळी टेप दोन थर लावा आणि त्याच दिवशी काढा, उन्हात तिचा डिंक पाझरतो. पॅचवर लक्ष ठेवा. एकाच लग्नसराईत त्याला आरपार भोक पडत असेल तर तुम्ही अजून चावताय.

खालच्या दातांच्या धारेने ओठ कापत असेल तर सिगारेटचा पातळ कागद दोन-तीन घड्या करून त्या दातांवर बसवा. ब्रेसेस असलेल्या मुलांना त्यांच्या दंतवैद्याकडचं मेण चालतं. वरची कवळी असेल तर ती फुंकेने आणि दाबाने हलते, तिथे दोन्ही ओठ दुमडून वाजवणं हाच टिकाऊ मार्ग. मुलांचे वरचे पुढचे पक्के दात साधारण सात-आठ वर्षांच्या वयात येतात, ते नीट आल्याशिवाय क्लॅरिनेट हातात देऊ नये. दात काढल्यावर किमान आठवडाभर फुंकवाद्य बंद. वरची दाढ काढली असेल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

धक्का लागला तर

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या गर्दीत कोणाचातरी कोपर वाद्याच्या तोंडाला लागतो आणि दुसरं टोक दातांवर आदळतं. रंगाच्या फवाऱ्याशेजारून जाताना माउथपीस तोंडातून काढून ठेवा, तेवढा अंतरा सनई नाहीतर ट्रम्पेट सांभाळून घेईल. पक्का दात मुळासकट निघालाच तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. माती असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने दोन क्षण धुवा, घासू नका. जमलं तर त्याच खळग्यात परत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरा, नाहीतर दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. तासाभरानंतर दात टिकायची शक्यता झपाट्याने कमी होते. मुलांचा दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

दंतवैद्याकडे, मग ते शासकीय दंत महाविद्यालय असो की कॉलनीतला दवाखाना, जाताना रीड लावलेला माउथपीस सोबत न्या आणि खुर्चीत बसून कसा धरता ते दाखवा. तोंडी वर्णनावरून दाब कुठे पडतो ते कळत नाही. पुढच्या दातांवर कॅप किंवा फिलिंग करायचं ठरलं तर त्याआधी दात आहेत तसे त्यांचा साचा घेऊन प्लास्टरचं मॉडेल करून मागा. दात तुटला किंवा घासला गेला, तर जुना आकार जसाच्या तसा परत आणायला तेच मॉडेल समोर लागतं.